कंदील मासा, अरबी समुद्र आणि कोंबडीचं खाद्य

आमच्या विट्याच्या बाजूला कंदील माशाचं नाव निघालं ते सोयापेंडीमुळं. २०२१ साल पोल्ट्रीवाल्यांपैकी कुणी विसरणार नाही, पेंडीचे भाव असे काही चढले की बऱ्याच जणांनी नवीन पिल्लं टाकायचंच थांबवलं आणि शेवटी ऑगस्टमध्ये सरकारला १२ लाख टन जीएम (जनुकं बदललेल्या बियाण्याची) सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. तेव्हा ग्रुपवर रोज काही ना काही फॉरवर्ड यायचं, कुणी म्हणायचं सरकीची पेंड बघा, कुणी म्हणायचं शेंगपेंड बघा, आणि त्यातच एक आला की खोल समुद्रात एक चंदेरी बारका मासा आहे, तो १००० कोटी टन आहे, नुसता काढायचा अवकाश की जगातला खाद्याचा प्रश्न मिटला. आमच्या भावकीतले एक अण्णा लगेच म्हणाले, "मग काढत का नाहीत? कुणाची वाट बघत्यात?"

अण्णांचा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं, मग मिळेल ते वाचत गेलो, आणि आता माझं मत इतकं पक्कं झालंय की ते लिहूनच टाकावं म्हणलं. हा मासा काढू नये. निदान त्याच्याबद्दल आज जेवढं माहितीय तेवढ्यावर तरी नाहीच. आणि हे मी कोंबड्यांना खाद्य घालून पोट भरणारा माणूस म्हणून बोलतोय, खाद्य स्वस्त व्हावं असं मला वाटत नसेल तर कुणाला वाटणार.

आधी मासा काय आहे ते सांगतो. कंदील मासा म्हणजे एक मासा नाही, अडीचशेच्या आसपास जातींचं मोठं घराणं आहे, शास्त्रात त्याला मिक्टोफिड म्हणतात. बहुतेक जाती आपल्या बोटाएवढ्या नाहीतर त्याहून लहान, फार थोड्या वीतभर होतात. जगातल्या जवळपास सगळ्या महासागरांत आहेत, पार अंटार्क्टिकापर्यंत. दिवसा ३०० मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत खोल, जिथं उजेड जवळजवळ नसतोच तिथं थव्यानं राहायचं, आणि दिवस मावळला की वर यायचं, काही जाती तर पार पृष्ठभागाजवळ दहा-वीस मीटरपर्यंत येतात, रात्रभर खायचं आणि उजाडायच्या आत परत खाली. रोज. आयुष्यभर. थोडे आळशी आहेत घराण्यात, काही जाती खालीच थांबतात आणि काही वेळा थव्यातला एखादा भाग वर येतच नाही, पण बहुतेकांचं हेच.

ह्या रोजच्या चढउताराचा हिशेब मी एकदा वहीवर मांडून बघितला. ५ सेंटिमीटरचा मासा ४०० मीटर वर आला म्हणजे स्वतःच्या लांबीच्या ८००० पट अंतर गेला. साडेपाच फुटी माणसाला तेच प्रमाण लावलं तर तेरा किलोमीटर होतात, म्हणजे सांगलीवरनं निघून मिरज ओलांडून पुढं, आणि ते पण आडवं नाही, सरळ उभं. एवढं जाऊन पोटभर खायचं आणि तासा-दोन तासात तेवढंच परत उतरायचं. शिवाय दर १० मीटरला एक वातावरण एवढा पाण्याचा दाब वाढतो, त्यामुळं ४०० मीटरवर अंगावर पृष्ठभागाच्या चाळीसपटीहून जास्त दाब असतो आणि तो दिवसातनं दोनदा बदलतो. एवढा त्रास कशासाठी तर वर खाणं आहे पण दिवसा वर थांबलं तर ट्यूनासारखे नजरेवर शिकार करणारे मासे आहेत, म्हणून अंधारात यायचं. चांदणं लख्ख असलं तर थवे पूर्ण वर येत नाहीत, थोडं खालीच थांबतात.

मी हा मासा प्रत्यक्ष बघितलाय, जिवंत नाही, बरणीतला. माझा मावसभाऊ मत्स्यशास्त्र शिकलेला, त्याच्या ओळखीनं एका कॉलेजच्या लॅबमध्ये जायला मिळालं. बरणी उजेडाकडं धरली तर पहिल्यांदा दिसतो तो डोळा. डोक्याचा मोठा भाग डोळ्यानंच भरलेला, बाकी डोक्याला जागाच नाही असं वाटतं. चंदेरी म्हणून वाचलेलं पण बरणीतला मासा तपकिरी-करडा, मी विचारलं तर मावसभाऊ म्हणाला, "ह्याचे खवले इतके हलके बसलेले असतात की जाळ्यात घासूनच निघून जातात. वर येईपर्यंत अर्धा उघडा होतो बिचारा." काही खवले बरणीच्या तळाला पडलेले होते, हलवलं की वर उठायचे आणि चमकून परत बसायचे. मग त्यानं भिंग दिलं. पोटाच्या कडेनं गोल ठिपके, काळ्या काठाचे, अगदी ओळीत. छातीखाली काही, पोटाखाली काही, मग शेपटीकडं परत एक ओळ, आणि दोन-तीन ठिपके वर कुशीवर. हेच दिवे. प्रत्येक जातीत ह्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, जात ओळखायची म्हणजे भिंगाखाली धरून ठिपके मोजत बसायचं. शेपटीच्या दांड्यावर बऱ्याच जातींत अजून एक चमकणारा पट्टा असतो, नरात साधारण वरच्या बाजूला आणि मादीत खालच्या. ह्या घराण्यात डायाफस म्हणून एक मोठी शाखा आहे, तिच्यात डोळ्याच्या पुढं चक्क हेडलाइट असतात.

पोटाखालच्या दिव्यांचं काम ऐकून मी खरंच थक्क झालो. खोल पाण्यात वरनं अगदी मंद निळसर उजेड येत असतो, त्यामुळं खालनं बघणाऱ्या शिकाऱ्याला वरचा मासा काळ्या सावलीसारखा दिसणार. हा मासा पोटाचे दिवे वरच्या उजेडाएवढेच लावतो, कमी नाही जास्त नाही, वरचा उजेड कमी झाला की दिवा पण बारीक करतो, आणि सावलीच पुसून टाकतो. दिवा लावून लपणं, हे कुणाला सुचलं असतं सांगा. पाठ काळपट, कुशी चंदेरी म्हणजे बाजूनं आरशासारखी, आणि पोटाला दिवे, तिन्ही बाजूंनी बंदोबस्त. कुशीवरच्या दिव्यांचा उपयोग मात्र आपल्या जातीचा कोण ते ओळखायला होत असावा असं शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे, एवढ्या अंधारात आणि एवढ्या गर्दीत जोडीदार सापडायचा तर काहीतरी खूण पाहिजेच.

आता गर्दी किती, तो १००० कोटीचा आकडा आला कुठनं ते बघू, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला सोनारवर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तो परत कसा येतो ते ऐकणाऱ्या यंत्रावर, काम चाललेलं. १९४२ ला कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या समुद्रात आवाज खाली सोडला की ३०० मीटरच्या पुढं कुठंतरी तो आपटून परत यायला लागला, समुद्राचा तळ तर त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे मधेच एक खोटा तळ, आणि तो मैलोनमैल पसरलेला. १९४५ ला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या स्क्रिप्स संस्थेतल्या मार्टिन जॉन्सन ह्या जीवशास्त्रज्ञानं समुद्रात रात्रंदिवस थांबून दाखवलं की हा तळ संध्याकाळी वर येतो आणि सकाळी खाली जातो, म्हणजे तो जिवंत आहे. त्या थरात कोळंबीवर्गातले जीव, जेलीवर्गातले जीव बरंच काही असतं पण आवाज परतवण्यात मोठा वाटा बारक्या माशांचा, आणि त्यात कंदील मासे आघाडीवर, कारण त्यातल्या पुष्कळ जातींच्या पोटात हवेची पिशवी असते आणि हवेवर आपटून आवाज जोरात परत येतो.

मग मोजायचे कसे? जाळं टाकून. १९८० च्या सुमाराला जगभरातल्या जाळ्यांचे आकडे एकत्र करून अंदाज काढला की ह्या मधल्या थरातले मासे मिळून साधारण १०० कोटी टन असावेत. पुढं लक्षात आलं की हे मासे जाळं येताना ओळखतात आणि बाजूला होतात, त्यामुळं जाळ्यात आलेले म्हणजे तिथं असलेल्यांपैकी थोडेच. २०१० ला निघालेल्या स्पेनच्या मालास्पिना मोहिमेनं जगभर फिरून सोनारनं मोजलं आणि २०१४ ला नवा अंदाज आला, १००० कोटी टन किंवा त्याच्यापेक्षाही जास्त. दसपट! पण सोनारची पण अडचण आहे, आवाज परत येतो तो माशाच्या हवेच्या पिशवीमुळं, आणि सगळ्या जातींना पिशवी सारखी नसते, काहींची मोठेपणी आक्रसते नाहीतर चरबीनं भरते, म्हणजे हवा नाही म्हणून आवाज नाही, आणि उलट समुद्रातले काही जेलीवर्गातले जीव मासे नसून हवेचा फुगा बाळगतात, ते माशासारखे वाजतात. म्हणून आजपण १०० कोटीपासून १००० कोटी किंवा त्याच्याही पुढं, कुठंतरी, असं म्हणावं लागतं. फॉरवर्डवाल्यानं त्यातला मोठा आकडा उचलला. शेडमधे किती पक्षी आहेत हे एक हजार का दहा हजार माहीत नसताना विकायला किती पक्षी उचलायचे ते मी ठरवलं तर मला कुणी शहाणा म्हणेल का?

आणि आपला अरबी समुद्र ह्यात मागं नाही, उलट पुढं आहे. १९७५-७६ ला डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन नावाच्या नॉर्वेच्या जहाजानं एफएओसोबत (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) अरबी समुद्राचा सर्वे केला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भागात, ओमानच्या आखाताकडं, कंदील माशांचे असे थवे लागले की तेव्हाचा अंदाज १० कोटी टनांच्या आसपास गेला. तुलनेला सांगतो, सगळ्या जगात मिळून समुद्रातनं वर्षाला साधारण ८ कोटी टन मासळी पकडली जाते. एका समुद्रात तेवढा एकच मासा! नंतरच्या अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला, ते मला वरच्याच मुद्द्याला धरून वाटतं. त्यातली मुख्य जात बेन्थोसेमा टेरोटम, चार-पाच सेंटिमीटरची, आणि तिचं आयुष्य वर्षभराचं. वर्षभर! म्हणजे ह्या वर्षी जी पोरं जन्मली तीच पुढच्या वर्षाचे आईबाप, मागं राखीव काही नाही.

अरबी समुद्राची अजून एक गोष्ट आहे जी मला वाचेपर्यंत माहीत नव्हती. साधारण १५०-२०० मीटरपासून हजार मीटरपर्यंत ह्या समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, जगातल्या सगळ्यात जाड आणि कडक अशा कमी-ऑक्सिजन थरांपैकी एक हा. बहुतेक मोठे मासे तिथं टिकत नाहीत. आणि हा बोटभर मासा बरोबर तिथंच जाऊन दिवस काढतो, कारण तिथं त्याला खायला येणारे कमी. रात्री वर येऊन श्वास घ्यायचा, खायचं आणि परत खाली.

आता "मग पडून राहिलेला माल आहे, काढला तर बिघडलं काय" ह्या प्रश्नाकडं. पडून राहिलेला नाहीच तो. ट्यूना त्याच्यावर जगतो, माकुळ जगतात, डॉल्फिन खातात, दक्षिणेकडं राजा पेंग्विनचं तर मुख्य अन्नच कंदील मासे. ज्या मासळीसाठी आपण रत्नागिरीहून बर्फात भरून आलेली पेटी उघडतो त्यातला सुरमई-कुप्याचा नातेवाईक समुद्रात काय खातो ह्याचा विचार आपण करत नाही. आणि दुसरं म्हणजे कार्बन. वरच्या पाण्यातल्या वनस्पती-कणांनी हवेतला कार्बन घेतलेला असतो, ते कण बारके जीव खातात, त्या जिवांना रात्री हा मासा वर येऊन खातो आणि दिवसा खाली जाऊन तिथं श्वास सोडतो, विष्ठा टाकतो, काही तिथंच मरतात नाहीतर खाल्ले जातात. म्हणजे वरचा कार्बन रोज उचलून शेकडो मीटर खाली नेऊन ठेवायचं काम चालू आहे, आणि एकदा एवढा खोल गेला की तो लवकर वर येत नाही, कितीतरी वर्षं जातात. कुणी पगार देत नाही, डिझेल लागत नाही. आम्ही कृष्णाकाठची माणसं २०१९ आणि २०२१ चा महापूर अंगावर घेतलेली, हवामान बिघडलं की काय होतं ते सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पाण्याच्या पातळीत बघतो, आम्हाला ह्या मजुराची किंमत कळायला पाहिजे.

खाद्याचं पण बोलतो, कारण ते माझं रोजचं आहे. ओला मासा साधारण चार-पाच किलो लागतो तेव्हा एक किलो फिशमील, म्हणजे माशाची वाळवून केलेली भुकटी, होतं. चांगल्या मालात ६० टक्क्यांच्या पुढं प्रोटीन, लायसिन मेथिओनिन ही वाढीला लागणारी अमिनो आम्लं भरपूर, पिल्लं झपझप वाढतात हे खरं. पण आपल्याकडं गोणीत काय येईल ह्याचा भरवसा नसतो. मागं एका ठिकाणचा माल आला, मूठ भरून पाण्याच्या ग्लासात टाकली तर तळाला वाळूचा थर बसला, आणि मीठ इतकं की पक्षी पाणी पीत सुटले, दोन दिवसांत शेडमधलं तूस ओलं, वासानं उभं राहवेना. तेव्हापासून आमच्याकडं फिशमील फक्त सुरुवातीच्या खाद्यात चिमूटभर, बाकी मका आणि सोयापेंड, मेथिओनिन वेगळं बाजारात मिळतंच. जगातलं बरंचसं फिशमील आज कोंबडीला जातच नाही, ते कोळंबी आणि माशांच्या शेतीला जातं. म्हणजे कंदील मासा काढला तरी पहिली गोणी विट्याला येणार नाही, हे अण्णांना मी समजावून सांगितलं तेव्हा ते गप्प झाले.

काढायचा प्रयत्न झालेला नाही असं नाही. दक्षिण आफ्रिकेत काही वर्षं पकडत होते, फिशमील आणि तेलासाठी, पण अंगात तेल इतकं की कारखान्याला प्रक्रिया जमेना, १९८० च्या दशकात मधेच बंद पडलं. काही जातींच्या चरबीत मेणाचा प्रकार असतो, तो माणसाला पचत नाही, खाल्ला तर पोट सुटतं. इराणनं ओमानच्या आखातात प्रयत्न केले. एवढ्या खोल जाळं ओढायला डिझेल किती जातं हाही हिशेब आहेच, पण मशिनरी सुधारते, भाव वाढतो, आणि मग आज परवडत नाही ते उद्या परवडतं. माझी भीती त्या उद्याची आहे.

कारण आपण वरच्या पाण्यातल्या माशाचं काय केलं ते समोर आहे. तारली. ह्या माशावर आपल्या देशात शंभर वर्षांचा अभ्यास आहे, किती आहे, कधी अंडी घालतो, सगळं. केरळमध्ये २०१२ ला जवळपास ४ लाख टन तारली मिळाली, २०२१ ला साडेतीन हजार टनसुद्धा नाही. समुद्र तापला हे कारण आहेच, पण फिशमीलच्या कारखान्यांसाठी बारकी बारकी पिल्लं ओढली गेली त्याची पण चर्चा तेव्हा जोरात झाली. ज्या माशाची सगळी कुंडली हातात होती त्याची ही गत, मग ज्याचा आकडाच दसपट इकडंतिकडं आहे त्याच्यावर जाळी सोडायची हिंमत कुठनं येते?

मला पटलेला रस्ता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आहे. २०१६ ला तिथं नियम झाला की वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियासमोरच्या समुद्रात दुसऱ्या माशांचं अन्न असलेल्या बारक्या माशांची, ज्यात कंदील मासे पण आले, नवीन मासेमारी सुरूच करायची नाही, आधी अभ्यास दाखवा, परिणाम काय होईल ते दाखवा, मग बघू. मासेमारी सुरू व्हायच्या आधीच नियम, हे मला फार शहाणपणाचं वाटलं, कारण एकदा बोटी घेतल्या, कर्ज काढली, माणसं कामाला लागली की मग थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही, आपण ऊस आणि पाण्याच्या बाबतीत ते बघतोच की. आपल्या बाजूला अजून कुणी ह्या माशामागं जोरात लागलेलं नाही, म्हणजे वेळ आहे. आपली संशोधन जहाजं अरबी समुद्रात जातात, कोचीला शास्त्रज्ञ ह्या माशांवर काम करतात, त्यांना अजून पैसा मिळाला पाहिजे आणि ह्या घराण्याचं अरबी समुद्रातलं खरं माप आपल्याच लोकांनी काढलं पाहिजे. तोपर्यंत परवाना नाही. आमच्या पोल्ट्रीच्या संघटनेच्या बैठकीत खाद्याचा विषय निघतो तेव्हा मी हेच मांडतो, सोया आणि मक्याचं उत्पादन वाढवा, काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांचं खाद्य काही जण करतायत ते बघा, पण खोल समुद्राच्या नावानं स्वप्न विकू नका.

एक विनंती. रत्नागिरी, हर्णै, मालवणकडचं कुणी हे वाचत असेल आणि खोल पाण्यातल्या कोळंबीच्या ट्रॉलरवर जाणारं घरात कुणी असेल तर त्यांना विचारून सांगा, जाळ्यात हा ठिपक्याठिपक्यांचा, मोठ्या डोळ्यांचा मासा येतो का, किती येतो, आणि आला तर त्याचं काय करतात. केरळच्या बाजूला कोळंबीसोबत येतो हे माहितीय. आपल्या किनाऱ्याचं मला ऐकायचंय, फोटो असेल तर फारच छान, खवल्यासकट मिळाला तर अजून चांगलं.